इंजिनाला गाळणी लावणाऱ्या सुजाताअक्का

गरम वस्तूला सुजाताअक्का कधी तळहात लावत नसत. पालथा हात लावत. इंजिनाची रबरी नळी असो, चहाचा ग्लास असो की तापानं फणफणलेल्या एखाद्या मुलीचं कपाळ, आधी पालथा हात जायचा. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "सर, तळहाताला घट्टे पडलेत. त्याला आता खरं कळंना. मागची कातडी अजून शाबूत हाय."

आळंदच्या बाहेर, कलबुर्गी रस्त्यावर आमची संस्था होती. फिटर, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक अशी कामं शिकवणारी खाजगी आयटीआय. मी तिथं गणित शिकवायचो. तिथलं गणित म्हणजे पाइपाचा व्यास आणि पुलीचे फेरे. बीजगणितावर प्रेम असलेल्या माणसाचे तिथं हालच. पण त्या नोकरीनं मला सुजाताअक्का दाखवल्या, त्यामुळं माझी काही तक्रार नाही.

त्या रुजू व्हायला आल्या तो दिवस मला स्वच्छ आठवतो. साडीवर निळा डगला, पायात पुरुषी बूट, अंबाड्यात खुपसलेली पेन्सिल. ऑफिसातल्या कारकुनानं वर न बघताच त्यांना शिवणकामाच्या वर्गाकडं पाठवलं. बाई म्हटल्यावर त्याला दुसरं काही सुचलंच नाही. अक्का गेल्या. तिथं एक मशीन कुरकुरत होती. तिच्यात तेल सोडलं, पट्टा नीट केला, चालवून बघितली आणि पुन्हा ऑफिसात येऊन उभ्या राहिल्या.

"ती मशीन झाली," त्या म्हणाल्या. "आता इंजिन कुटंय?"

त्यांचं पूर्ण नाव सुजाता सूर्यवंशी. गाव बसवकल्याण तालुक्यातलं राजेश्वर. पाटीवर 'मॅडम' होतं, पण विद्यार्थी पहिल्या आठवड्यातच 'अक्का' म्हणायला लागले आणि मग आम्ही सगळेच. घरच्या गोष्टी त्या सांगत नसत, आम्ही विचारत नसू. बोलायच्या मात्र भरपूर, आणि तीन भाषांत. समजावून सांगायचं मराठीत, रागवायचं कन्नडमध्ये. यंत्राशी बोलायची वेळ आली की दखनी उर्दू. अडून बसलेल्या इंजिनाला थोपटत "चल बेटा, नखरे नक्को" असं म्हणताना मी त्यांना कितीदा तरी ऐकलं आहे. आणि इंजिन ऐकायचंही.

नम्रता हा गुण त्यांच्यात नव्हता. मला त्यांचं तेच आवडायचं. आमच्याकडं बाईमाणसाचं कौतुक करायची एक खास पद्धत आहे. कामाचं श्रेय तिला न देता नशिबाला द्यायचं. कुणी म्हणालं, "वा, जमलं की हो तुम्हाला!" तर अक्का हातातला पाना खाली ठेवून त्या माणसाकडं नीट बघायच्या आणि म्हणायच्या, "जमलं न्हाई. केलं."

त्यांचं आणखी एक वाक्य संस्थेत सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. "आधी थंड होऊ द्या." ते इंजिनासाठी होतं, पण दोन शिक्षकांची जुंपली तरी अक्का तेच म्हणायच्या, पोरांच्या मारामारीतही तेच, आणि एकदा तर माझ्या बायकोचा आणि माझा अबोला चालू होता तेव्हा मलाही त्यांनी तेच सांगितलं होतं.

आता बसबद्दल सांगायला हवं.

आमच्या संस्थेकडं एक जुनी बस होती. कुठल्याशा कारखान्यानं टाकून दिलेली, आमच्या सचिवांनी आणलेली. सचिवांना सगळे अप्पा म्हणत. ही बस सकाळी मादन हिप्परग्याला जाऊन तिकडच्या वाटेवरच्या गावांतून मुलं-मुली घेऊन यायची, संध्याकाळी परत सोडायची. मुलं कशीही आली असती. मोटारसायकलवर तिघं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कशीही. मुलींचं तसं नव्हतं. संस्थेची बस दारात येते म्हणून त्यांच्या घरच्यांनी होकार दिला होता. मादन हिप्परग्याची भाग्यश्री नावाची मुलगी डिझेल मेकॅनिकला होती. तिच्या बापानं तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "बस हाय तवर शीक. बस थांबली की तूबी थांब."

आणि बस तर सारखी थांबायची. उन्हं वाढली की इंजिन तापायचं, काटा लाल पट्ट्यात जायचा आणि पुढच्या जाळीतून वाफ निघायची. ड्रायव्हर मल्लण्णा साधा माणूस. तो सीटखाली पाण्याचे कॅन भरून ठेवायचा आणि दर काही मैलांवर इंजिनाला पाजायचा. गॅरेजमध्ये रेडिएटर साफ करून आणला की दोन महिने बरे जायचे. मग पाण्याचा पंप गळायला लागायचा. नवा पंप बसवला की पुन्हा रेडिएटर. असं चाललं होतं.

एकदा मी आणि अक्का त्या बसनं गावात पालकांना भेटायला चाललो होतो. नवीन वर्षासाठी मुली मिळवायच्या होत्या. मादन हिप्परगा दिसायला लागलं आणि बसनं वाफ सोडली. मल्लण्णा फडकं घेऊन झाकण उघडायला धावला.

"निल्लु!" अक्का कन्नडमध्ये ओरडल्या. थांब. "हात भाजून घ्यायलाव का? आधी थंड होऊ द्या."

मग त्या स्वतः कळशी मागायला जवळच्या घराकडं निघाल्या. मी मागोमाग. ओट्यावर एक म्हातारबुवा बसले होते. अक्कांनी पाणी मागितलं. बुवांनी त्यांच्या बुटांपासून अंबाड्यातल्या पेन्सिलीपर्यंत सावकाश नजर फिरवली.

"कुणापैकी तुमी?"

"डिझेल मेकॅनिकपैकी," अक्का म्हणाल्या.

बुवांना काही बोध झाला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा जोरात, जणू अक्कांना ऐकू येत नव्हतं. मी मध्ये काही बोलणार तेवढ्यात अक्काच म्हणाल्या, "बौद्ध. राजेश्वरच्या. आता पाणी देताव का, का गाडी तुमच्या दारातच ठिवू?"

आवाज चढला नव्हता. चेहऱ्यावर रागही नव्हता. आपला रक्तगट सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं. आतून सून कळशी घेऊन बाहेर आली आणि तिनं ती सरळ अक्कांच्या हातात दिली. वर तांब्याही.

अक्कांनी तांब्याभर पाणी पिऊन घेतलं आणि विचारलं, "बोअरचं हाय का?"

"व्हय. दुसरं कुटलं येतंय इकडं?"

"मग मला चालतंय. इंजिनाला न्हाई चालत."

परत येऊन त्यांनी मल्लण्णाला विचारलं, "अण्णा, किती दिस झाले बोअरचं पाणी घालायलाव?"

मल्लण्णा अभिमानानं म्हणाला, "गाडी आली तवापासनं. एक दिस उपाशी ठिवली न्हाई."

अक्का बराच वेळ कपाळाला पालथा हात लावून उभ्या राहिल्या. त्या दिवशी दुसरा इलाज नव्हता, इंजिन निवल्यावर तेच पाणी घालावं लागलं. पण संध्याकाळी वर्कशॉपमध्ये त्यांनी इंजिनातलं थोडं पाणी परातीत काढलं. विटकरी रंगाचं, गढूळ. त्यांनी तळाचा गाळ चिमटीत घेतला, चोळला आणि मलाही चोळायला लावला. बारीक रेती असावी तसा खरखरीत लागला.

"अंघोळीच्या बंबात चुना धरतो का न्हाई? तसंच," त्या सांगायला लागल्या. "आतून सगळीकडं खरपुडी धरलीय. गंजबी हाय. त्याचे कण सुटायलेत आन पाण्यासंगं फिरायलेत. पंपाचं सील हेच खातंय, रेडिएटरच्या नळ्या हेच बुजवतंय. गॅरेजवाले पंप बदलतेत, पण त्याला खाणारं आतच ऱ्हायलंय."

"मग आतून धुऊन काढायचं," मी म्हणालो.

"धुणार की. पण एका धुण्यात सगळं निघत नसतंय. धुतल्यावर उरलेली खरपुडी पुढं वरीसभर सुटत ऱ्हाईल. तिला धरून ठिवायला कायतरी पायजे. चहाला असती तशी."

ते 'कायतरी' म्हणजे कूलंटचा, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, फिल्टर. इंजिनात फिरणाऱ्या पाण्याचा एक लहानसा फाटा बाजूला वळवायचा, डब्यासारख्या गाळणीतून न्यायचा आणि पुन्हा मूळ प्रवाहात सोडायचा. सगळं पाणी एकदम गाळायचं नाही, नाहीतर इंजिनालाच पाणी कमी पडेल. थोडं थोडं, पण सतत. दिवसभरात सगळं पाणी पुन्हा पुन्हा गाळून निघतं. मोठ्या खोदाईच्या यंत्रांना असा फिल्टर कंपनीतूनच येतो, असं त्यांनी सांगितलं. आमच्या बसला असलं काही असण्याचा प्रश्नच नव्हता.

त्याच आठवड्यात अप्पांनी मिटिंग बोलावली. अप्पा वाईट माणूस नव्हते, पण ते दमले होते. रस्त्यात अडकलेल्या बसचे फोन त्यांनाच यायचे. ते म्हणाले, "बस विकून टाकतो. या महिन्यापासून तिकडची फेरी बंद. ज्यांना यायचं ते येतील."

अक्का उभ्या राहिल्या.

"अप्पा, परीक्षेपर्यंत थांबा. मुली ह्याच बसनं कलबुर्गीला परीक्षेला जातील आन ह्याच बसनं माघारी येतील. वाटंत एकदा जरी वाफ निघाली, तर बसला गिऱ्हाईक मी आणून देते."

"आणि नाही निघाली तर?"

"तर फेरी चालू ठिवायची. आन बोअरचं पाणी बंद."

अप्पांनी मल्लण्णाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "आयितु." बरं, म्हणजे. ते कन्नडमध्ये हो म्हणाले की मनापासून म्हणाले, असं आम्ही समजायचो.

बसवकल्याणला लॉऱ्यांच्या गॅरेजांची अख्खी वसाहत आहे. रविवारी अक्का तिथं जाऊन फिल्टर, त्याची बैठक, नळ्या आणि पितळी कॉक घेऊन आल्या. आळंदचे मस्तानभाई मदतीला आले. आमच्या बसचे पंप वर्षानुवर्षं तेच बदलत होते. वय झालेले, मेंदी लावलेल्या दाढीचे. त्यांनी तो स्टीलच्या तांब्याएवढा डबा हातात फिरवून बघितला.

"म्याडम, पानी कू फिल्टर? इंजन क्या चाय छान के पीता?"

"हौ मस्तानभाई," अक्का म्हणाल्या, "बिस्कुट भी मंगता. तुम पाना पकडो."

सगळा वर्ग अंगणात बसभोवती जमला. आधी रात्रभर थंड झालेल्या इंजिनातलं सगळं पाणी काढलं. मग औषध घालून धुणं सुरू झालं. विटकरी, मग तांबूस, मग चहासारखं, असं करत करत शेवटी पाणी पाण्यासारखं दिसायला लागलं. दुपारी जेवायला बसलो तर अक्कांच्या डब्यातल्या कडक भाकरीलासुद्धा त्या औषधाचा वास येत होता. त्यांनी शेंगाचटणी लावून ती तशीच खाल्ली.

आपल्याकडच्या बसला हीटर नसतो, पण इंजिनाला हीटरसाठी ठेवलेली तोंडं असतात. बोल्ट मारून बंद केलेली. अक्कांनी त्यातली दोन शोधली. एकातून पाणी घ्यायचं, दुसऱ्यातून परत सोडायचं. फिल्टरची बैठक चासीच्या पट्टीवर बसवली, सायलेन्सरच्या धगीपासून आणि पंख्यापासून लांब. नळ्या जिथं पत्र्याला घासतील तिथं जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले. दोन्ही बाजूंना कॉक, म्हणजे पुढं फिल्टर बदलताना सगळं पाणी काढावं लागू नये. प्रत्येक नट विद्यार्थ्यांनीच आवळला. अक्का फक्त शेवटी बोट लावून बघायच्या. भाग्यश्रीनं नळीवरचा एक पट्टा जास्त आवळला आणि नळी चिमटली, तर अक्कांनी तिला रागावून तो सोडायला लावला. कन्नडमध्ये.

मग नवा हिरवा कूलंट भरला. अप्पा मुद्दाम बघायला आले. मल्लण्णानं बस चालू केली. इंजिन गरम झालं, वरची नळी गरम झाली. अक्कांनी फिल्टरला पालथा हात लावला.

हात तिथंच राहिला. मग त्यांनी दुसरा हात लावला. मग गाल.

फिल्टर थंडगार होता. म्हणजे त्यातून पाणी फिरतच नव्हतं.

आम्ही सगळे त्यांच्याकडं बघत होतो. अप्पा घड्याळाकडं बघत होते. मस्तानभाई दाढी खाजवत दुसरीकडं तोंड करून उभे राहिले. ती त्यांची माणुसकी होती. अक्का बसखाली सरकल्या. काही वेळ फक्त त्यांचे बूट दिसत होते. मग त्या बाहेर आल्या, डगल्याला हात पुसले आणि सगळ्यांसमोर, अप्पांसमोर, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माझं चुकलं."

वर्गात कुणी हसलं नाही. हसायची हिंमतच कुणाची नव्हती.

"ऐका सगळे. कामून चुकलं ते सांगते. मी निवडलेली दोन्ही तोंडं एकाच बाजूची हायत. पंप दोन्हीकडं सारख्याच जोरानं पाणी ढकलायलाय. मग पाणी ह्या तोंडातनं त्या तोंडात कामून जाईल? त्याला जायचं कारणच न्हाई. एक टोक पंप ढकलतो तिकडं पायजे, आन दुसरं पंप ओढतो तिकडं. हे मी पुस्तकात वाचलंय, तुमाला फळ्यावर शिकवलंय, आन तरी हात कामाला लागल्यावर इसरले. लिहून घ्या. पुढं तुमचं असं झालं तर फिल्टरला शिव्या देऊ नका."

शिक्षक म्हणून मी पुष्कळ वर्षं काढली. चूक झाकायच्या नाना तऱ्हा बघितल्या, काही माझ्याच वर्गात. पण आपली चूक अशी धडा म्हणून मांडणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. त्या वेळी त्यांची मान खाली गेली नव्हती. उलट मला वाटतं, त्या दिवशी त्या नेहमीपेक्षा थोड्या उंच दिसत होत्या.

अप्पा निघून गेले. मस्तानभाई पुढं आले. "म्याडम, वो नीचे का लोहे का पाइप है ना, पंप कू जाता सो? उस पे मैं निप्पल जोड के देतूं. कल सुबू."

सकाळी ते निप्पल, म्हणजे नळी अडकवायचं छोटं तोंड, जोडलेला तो पाइप घेऊन स्वतः आले. परतीची नळी आता खाली, पंप पाणी ओढतो त्या पाइपाला लागली. हवा काढली, कॉक उघडले, बस चालू केली. अक्कांनी या वेळी स्वतः हात लावला नाही. "भाग्यश्री, तू बघ."

भाग्यश्रीनं पालथा हात ठेवला आणि झटकन काढला.

"अक्का, पोळायलंय!"

मग सगळ्या वर्गानं एकामागून एक हात लावून बघितला. मल्लण्णानं लावला, मस्तानभाईंनी लावला, मीही लावला. देवळात नारळाला हात लावून पुढं सरकावं तशी रांग लागली होती. अक्का बाजूला उभ्या राहून अंबाड्यातली पेन्सिल काढत होत्या आणि पुन्हा खुपसत होत्या. त्यांच्या आनंदाची ती खूण होती.

काही दिवसांनी त्यांनी तो पहिला फिल्टर काढून दुसरा लावला. नवीन काम असलं की पहिला लवकर बदलायचा असतो. काढलेला डबा घेऊन त्या थेट अप्पांच्या ऑफिसात गेल्या. टेबलावर पेपर अंथरला, करवतीनं डबा कापला आणि आतल्या कागदाच्या घड्या उलगडल्या. घडीघडीत काळपट चिखल बसला होता. अक्कांनी पर्समधून लोहचुंबक काढून त्यावरून फिरवला. काळे कण उभे राहून त्याला चिकटले.

"हात लावा, अप्पा."

अप्पांनी बोटानं चिखल चोळला. खरखर त्यांनाही कळली. "हे सगळं इंजिनात होतं?"

"व्हय. आता पेपरावर हाय."

अप्पांनी बोटं पेपराच्या कडेला पुसली. मग म्हणाले, "परीक्षेला बघू." पण त्यांनी कारकुनाला हाक मारून तो पेपर टाकून देऊ नकोस म्हणून सांगितलं, ते मी दारातून ऐकलं.

परीक्षेचा दिवस भर मे महिन्यातला. कलबुर्गीचं ऊन ज्यानं खाल्लंय त्याला सांगायला नको. बस खच्चून भरलेली. मुली पाठांतर पुटपुटत होत्या. अक्का मल्लण्णाशेजारी इंजिनाच्या झाकणावर गोधडी टाकून बसल्या होत्या, मी त्यांच्या मागं. काटा मधोमध होता आणि मधोमधच राहिला. मला हायसं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात कलबुर्गीच्या अलीकडं रस्त्याचं काम निघालं. पुढं लॉऱ्यांची रांग. बस मुंगीच्या चालीनं सरकायला लागली. वारा नाही, वेग नाही, वरून आग. इंजिन तापायला याहून चांगली जागा नव्हती.

काटा चढायला लागला.

आधी मल्लण्णाला दिसलं, मग मला, मग बहुतेक सगळ्यांनाच, कारण पुटपुटणं बंद झालं. समोर एक ट्रॅक्टर वाफ सोडत बाजूला उभा होता. मल्लण्णाचा हात किल्लीकडं गेला.

"बंद करू नका, अण्णा," अक्का शांतपणे म्हणाल्या. "पंखा फिरू द्या. पाणी फिरायलंय, त्याला फिरू द्या."

"अक्का, चढायलंय बघा…"

"चढू द्या. थांबंल."

त्यांचा आवाज घट्ट होता. पण त्यांची साडी मागून घामानं पाठीला चिकटली होती आणि उजव्या हातानं त्यांनी पुढची लोखंडी दांडी आवळून धरली होती. काटा मध्याच्या बराच वर गेला. लाल पट्ट्याच्या अलीकडं येऊन थबकला. थरथरला. आणि तिथंच उभा राहिला. आम्ही रांगेतून सरकत राहिलो, तो हलला नाही. रस्ता मोकळा झाला, बसनं वेग घेतला, खिडक्यांतून गरम का होईना वारा आला, आणि काटा हळूहळू खाली येऊन मधोमध बसला.

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्या बसनं.

"पाठ करा," अक्का मागं न वळता म्हणाल्या. "परीक्षा माझी न्हाई, तुमची हाय."

मुली परीक्षेला गेल्या. मी चहा पिऊन परत आलो तर अक्का बसमध्ये खिडकीला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं. किती दिवसांची झोप होती कोण जाणे. पेपर सुटल्यावर मुली धावत आल्या, त्यांना बघून थबकल्या आणि बाहेर लिंबाच्या सावलीत गुपचूप उभ्या राहिल्या. मल्लण्णानंही हॉर्न वाजवला नाही. अक्का आपणच जाग्या झाल्या तेव्हा कुठं बस हलली. परतीला रस्ता मोकळा होता, संध्याकाळ होती, आणि सांगण्यासारखं काहीच घडलं नाही. संस्थेच्या फाटकात अप्पा उभे होते. त्यांनी बसच्या पुढच्या जाळीवर हात ठेवला, अक्कांकडं बघून मान हलवली आणि म्हणाले, "जमलं की, अक्का."

"केलं, अप्पा."

"केलं, केलं," अप्पा हसत म्हणाले.

फेरी चालू राहिली. भाग्यश्री पास झाली, तिच्याबरोबरच्या सगळ्या मुली पास झाल्या. मस्तानभाई आता इतरांच्या गाड्यांना असे फिल्टर लावून देतात आणि गिऱ्हाइकाला समजावतात, तोंडं दोन्ही बाजूंची धरायची, एका बाजूची नाही. समजावताना 'हमारे म्याडम' असा शब्द हमखास येतो.

पुढच्या वर्षी अक्कांना बीदरला सरकारी नोकरी लागली. निरोपाच्या समारंभात शाल आणि नारळ घेऊन त्या दोनच मिनिटं बोलल्या आणि म्हणाल्या, "मला आज बसनं सोडा. मुलींसंगं जाते. मादन हिप्परग्याला माझा भाऊ मोटारसायकल घिऊन यिल."

मीही सोबत गेलो. वाटेत प्रत्येक थांब्यावर मुली उतरायच्या आणि बस गेली तरी घरी जायच्या नाहीत, रस्त्यातच उभ्या राहायच्या. मादन हिप्परग्याला पोचलो तर चौकात बायका जमल्या होत्या. कुणी भाजलेल्या शेंगा आणल्या होत्या, कुणी फडक्यात बांधलेली पुरणाची होळगी. भाग्यश्रीचा बाप पुढं झाला. त्यानं बसच्या पुढच्या जाळीकडं बोट दाखवून विचारलं, "हितं बशिवलीया व्हय, ती गाळणी?"

अक्का आणि भाग्यश्री दोघींनी मिळून त्याला खाली वाकून दाखवली. मग आणखी दोघं-तिघं वाकले. भर चौकात गावातली मोठमोठी माणसं गुडघ्यावर हात ठेवून बसच्या पोटात डोकावत होती, आणि एक मुलगी त्यांना पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते बोट फिरवून सांगत होती. अक्का सरळ झाल्या, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि त्या वाकलेल्या पाठींकडं बघत उभ्या राहिल्या. इतका समाधानानं भरलेला चेहरा मी क्वचित बघितला आहे.

अक्कांचा भाऊ मोटारसायकल घेऊन चौकाच्या कडेला उभा होता. आमची बस घेऊन परत निघायची वेळ झाली. चौक अरुंद, माणसं दाटलेली, बस वळवायची कशी? मल्लण्णा आरशात बघून घाबरला. अक्कांनी शाल कमरेला खोचली, बसच्या मागं गेल्या आणि पोरांना बाजूला सारत हात हलवायला लागल्या. "येऊ द्या अण्णा… येऊ द्या… डावीकडं जरा… बस्स!" बस वळली. मी मागच्या खिडकीत होतो. निरोप घ्यायला हात बाहेर काढला, पण अक्कांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. त्या बसबरोबर चार पावलं चालल्या आणि उघड्या तळहातानं त्यांनी पत्र्यावर दोनदा जोरात थाप मारली.

"राइट!"

मल्लण्णानं गियर टाकला. धूळ उडाली. त्या धुळीत निळा डगला, कमरेची शाल आणि हवेत उंच राहिलेला तो हात, एवढंच मला दिसत होतं.